ओहोटीला रुतलेली होडी

माझी आई आणि माझ्या सासूबाई दहा-बारा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. रोजचं भांडण म्हणावं तर तसं काही नव्हतं. आई देवणीजवळच्या खेड्यात राहते, सासूबाई आमच्याबरोबर नांदेडला, विष्णुपुरीत. दोघींची भेट व्हायची ती लग्नकार्यातच. तिथं एक मांडवाच्या या टोकाला बसायची, दुसरी त्या टोकाला. जेवायला चुकून शेजारी शेजारी बसायची वेळ आलीच तर दोघी खाली मान घालून जेवायच्या आणि हात धुवायला वेगवेगळ्या नळांवर जायच्या. पाहुण्यांना याची सवय झाली होती. मलाही झाली होती.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जायचं ठरलं आणि माझी मुलगी म्हणाली, "दोन्ही आज्या पाहिजेत," तेव्हा मी हसले. मुलगी तेव्हा चौथीत होती. सासूबाईंना समुद्र पाहायचा होता. सासरे होते तोवर जायचं जायचं म्हणता राहून गेलं होतं, त्यामुळे त्यांना नेणं नक्कीच होतं. आईचा प्रश्न मी जरा भीतभीतच काढला.

सासूबाई म्हणाल्या, "येतात तर येऊ द्या. गाडी पोराची हाय, मी कशाला न्हाई म्हणू?"

आईला फोन केला तर ती म्हणाली, "त्या हायेत म्हणून म्या का घरी बसू? म्या येणार."

दोघींनाही वाटत होतं, शेवटी दुसरी माघार घेईल. कोणीच घेतली नाही. निघायच्या आदल्या दिवशी नवरा मला म्हणाला, "आता काय करायचं?"

"निघायचं," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

लातूरला बस स्टँडजवळ माझा भाऊ आईला घेऊन उभा होता. आईच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी. सासूबाईंनीही पहाटे उठून धपाटे केले होते आणि चटणीही आणली होती. गाडीत दोन घरांचे धपाटे झाले. सोलापूरच्या पुढं एका झाडाखाली थांबलो तेव्हा नवऱ्यानं दोन्ही डब्यांतलं सारखं सारखं खाल्लं. मग घाट लागेपर्यंत तो सुस्तावून गाडी चालवत होता आणि मी त्याला जागं ठेवायला बडबड करत होते.

मागच्या सीटवर दोघींच्या मध्ये मुलगी बसली होती. सगळा कारभार तिच्यामार्फत चालला होता.

"तुझ्या आजीला म्हण, खिडकी लाव जराशी. वारं लागून राहिलं."

"देवणीची आजी, खिडकी लाव."

"लावते. पण त्यांना म्हण, पाय जरा आवरून घ्या."

"आजी, पाय आवर."

पहिल्यांदा मुलीला याची मजा वाटली. कोल्हापूर यायच्या आत ती कंटाळली आणि म्हणाली, "तुम्ही दोघी डायरेक्ट बोला ना." दोघी आपापल्या खिडकीतून बाहेर बघू लागल्या.

मालवणच्या अलीकडं एका गावात आम्ही घरगुती खोल्या घेतल्या होत्या. पहिला दिवस समुद्रावर गेला. सासूबाई चटई टाकून वाळूत बसल्या आणि किती तरी वेळ नुसतं बघत राहिल्या. आई घोट्याएवढ्या पाण्यात गेली, लाट आली की मागं सरायची, गेली की पुन्हा पुढं. दोघींच्या मध्ये मी चपला सांभाळत उभी होते. तक्रार कोणाचीच नव्हती. एवढ्यावरच सहल पार पडली असती तरी मी समाधानानं घरी आले असते.

दुसऱ्या दिवशी खोलीच्या मालकिणीनं सांगितलं की इथं येऊन खाडीतून होडीनं फिरला नाहीत तर काय पाहिलंत! नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत नेतात, वाटेत नारळाच्या बागा, पक्षी, सगळं दाखवतात. मुलीनं उड्या मारायला सुरुवात केली. जेवणं लवकर उरकून आम्ही धक्क्यावर गेलो.

होडीला वर छप्पर होतं, दोन्ही कडांना बाक आणि मागं इंजिन. आमच्याबरोबर सोलापूरकडचं एक नवं जोडपं होतं. नवरीच्या हातातला चुडा अजून उतरला नव्हता. होडीवाला तिशीचा असेल. त्यानं सगळ्यांना केशरी लाइफ जॅकेटं वाटली. सासूबाईंनी निमूटपणे घातलं. आईनं हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "ही झूल म्या न्हाई घालायची. आमच्या बैलाला पोळ्याला घालतेत असली."

होडीवाला म्हणाला, "घालावंच लागेल, आजी. नाहीतर होडी सोडता येत नाही."

आई धक्क्यावरच बसली. मी समजावलं, नवऱ्यानं समजावलं. सोलापूरची नवरीही म्हणाली, "फोटो छान येतो त्याच्यात." सासूबाई मुलीला म्हणाल्या, "विचार गं, काय करून राहिल्या इतका वेळ? ऊन चढलं." हे ऐकलं आणि आई उठली. जॅकेट अंगात घालून, पट्टे तसेच लोंबते ठेवून होडीत येऊन बसली. पट्टे मी आवळले. या सगळ्यात बराच वेळ गेला होता. होडीवाला दोनदा पाण्याकडं बघून चुकचुकला, तेव्हा त्याचं कारण आम्हाला कळलं नाही.

खाडी मात्र फार देखणी होती. पाणी हिरवट आणि इतकं संथ की नारळांची उलटी सावली हलतसुद्धा नव्हती. एका काठाला खारफुटीची झाडं होती, त्यांची मुळं चिखलातून वर आलेली. त्यांच्यात बगळे बसले होते. दुसऱ्या काठाला कौलारू घरं, घरासमोर पायऱ्या आणि पायरीला बांधलेली छोटी होडी. आमच्याकडं दारात मोटारसायकल लावतात तशी. एक बाई पायरीवर बसून मासे साफ करत होती. तिच्यासमोर दोन मांजरं बसली होती. मुलीनं हात हलवला, बाईनं सुरी धरलेला हात हलवला.

आईनं हळूच बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं.

"खारट हाय," ती मला म्हणाली. "पण मिठावानी न्हाई. आळणी भाजीत मागून मीठ टाकल्यागत."

"नदी आणि समुद्र दोन्हीचं पाणी आहे हे," होडीवाला म्हणाला.

सासूबाईंना या पाण्याचं तेवढं अप्रूप नव्हतं. विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी आमच्या गच्चीवरून दिसतं. "आमच्याकडं बी हाय एवढं," त्या म्हणाल्या. मग एक खंड्या निळा चमकत होडीच्या नाकासमोरून गेला आणि त्या "अगं बाई!" म्हणून बाकावरून अर्ध्या उठल्या. पुढं बराच वेळ त्या तो परत दिसतो का बघत होत्या.

एका वळणावर होडीवाल्यानं मोठं पात्र सोडून एका बेटाच्या डाव्या अंगानं होडी घातली. तिथं पाणी अरुंद होतं. थोडं पुढं गेलो असू, तोच खालून खर्र असा आवाज आला आणि सगळे पुढं झुकलो. होडीवाल्यानं इंजिन उलटं फिरवलं. मागं काळा चिखल उकळल्यासारखा वर आला, पण होडी हलली नाही. तो खाली उतरला. पाणी त्याच्या गुडघ्याला लागत होतं. माझा नवरा आणि सोलापूरचा नवरदेव पँट दुमडून उतरले. तिघांनी खांदे लावले. होडी थोडी डुगडुगली आणि पुन्हा तशीच बसली.

होडीवाला कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "ओहोटी लागली. निघायला उशीर झाला म्हणून जवळच्या वाटेनं घातली, तीच चूक झाली. आता भरती इल्याशिवाय होडी हलूची नाय."

"दुसरी होडी बोलवा," नवरा म्हणाला.

"बोलावली तरी ती इथं कशी येणार? तीपण रुतेल. घाबरू नका, धोका काही नाही. बसून राहायचं फक्त."

सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे पाणी गेलं?"

"गेलं."

"कुठं गेलं?"

"समुद्रात."

"आणि परत येणार?"

"येणार ना. संध्याकाळच्या आत."

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचा विश्वास बसला नव्हता. खरं सांगायचं तर माझाही बसला नव्हता. आमच्या भागात एकदा गेलेलं पाणी त्याच दिवशी परत येत नाही.

पाणी खरोखरच उतरत होतं. बघता बघता होडीच्या उजव्या बाजूला वाळूची एक पाठ वर आली, मग ती रुंद होत गेली. तिच्यावर बारीक लाल खेकडे धावू लागले. सोलापूरचं जोडपं फोटो काढायला उतरलं. मुलगी हट्टाला पेटली, "मला पण उतरायचं."

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "रुतशील."

आई म्हणाली, "उतरू द्या की पोरीला. वाळू घट्ट हाय. बाप हाय संगं."

सासूबाई खाडीकडं बघतच बोलल्या, "पोरीच्या बाबतीत तुमचं एकदा ऐकलं, तेवढं बास झालं."

इतक्या वर्षांत सासूबाई थेट आईला उद्देशून बोलल्या, ते हे पहिलं वाक्य. नवऱ्यानं ते ऐकलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मुलीचा हात धरून तिला खाली उतरवलं आणि तिला घेऊन वाळूवरून दूर चालू लागला. होडीवालाही पुढं पाणी किती आहे ते बघायला निघाला. होडीत आम्ही तिघीच उरलो.

त्या वाक्याचा अर्थ आम्हा तिघींनाही माहीत होता.

या मुलीच्या आधी मला एक मुलगी झाली होती. पहिलं बाळंतपण म्हणून मी आठव्या महिन्यात माहेरी गेले होते. सासूबाईंचं म्हणणं होतं की नांदेडलाच राहावं, दवाखाने जवळ आहेत. आईचं म्हणणं, पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरीच येते. मला विचारलं असतं तर मीही आईकडंच म्हणाले असते, पण तसं कोणी विचारलं नव्हतं. दिवस भरायच्या आधीच एका दुपारी पोटात भयंकर कळ आली. जीपमधून मला उदगीरला नेलं. तिथं भूल देऊन ऑपरेशन केलं. मूल पोटातच गेलेलं होतं. मी शुद्धीवर आले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि सगळं उरकलं होतं. वडील आणि भाऊ तिला घेऊन गावाकडं गेले होते. नवरा आणि सासूबाई नांदेडहून पोचले ते त्यानंतर. दवाखान्याच्या व्हरांड्यात सासूबाई आईला म्हणाल्या, "नांदेडला ठेवलं असतं तर जगली असती." आई म्हणाली, "आमची कोणी नव्हती का ती?" बस, एवढंच. त्यानंतर दोघींचं बोलणं बंद झालं.

घरी आल्यावर शेजारची एक बाई मला भेटायला आली होती. "मुलगीच तर होती, पुढं मुलगा होईल," असं ती म्हणाली. सासूबाईंनी तिच्या हातातला चहाचा कप काढून घेऊन तिला बाहेर काढलं होतं. हे मी आईला कधी सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं, कोण जाणे.

होडीत आई सासूबाईंकडं वळून बसली. मग म्हणाली, "आता बोललाच हायेत तर नीट बोला. इतकी वर्सं मनात ठिवलं."

"मी काय खोटं बोलले? मी म्हणाले होते, इथंच राहू द्या. तुम्ही म्हणाल्या, रीत हाय."

"हायेच रीत. तुमची लेक पहिल्या खेपंला कुठं आली व्हती? तुमच्याच घरी न्हवं?"

"आमचं घर नांदेडला हाय. तुमच्या गावातून दवाखान्यात जायचं तर..."

"मग काय खेड्यातल्या बायांनी लेकी आणूच नये?"

आवाज चढत होते. दूर वाळूवर सोलापूरची नवरी वळून बघायला लागली. मला त्या क्षणी दोघींचाही राग आला. माझ्या पोटातलं मूल गेलं होतं आणि या दोघी माझ्यासमोर दवाखान्याचं अंतर मोजत होत्या.

मी म्हणाले, "आत्याबाई, बाळाची वार पोटातच आधी सुटली होती. डॉक्टर दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, नांदेडला असतीस तरी हेच झालं असतं. वेळच मिळाला नसता." आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात.

सासूबाई माझ्याकडं वळल्या. "असं म्हणाले?"

"हो."

"मग मला कोणी सांगितलं?"

मला वाटलं होतं, नवऱ्यानं सांगितलं असेल. त्याला वाटलं असेल, मी सांगितलं. तो त्या विषयावर कधीच बोलत नाही. मीही बोलत नव्हते. मी तसं म्हणाले.

सासूबाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. केशरी जॅकेटमुळं त्यांना पदर नीट सापडत नव्हता. मग त्या अगदी खालच्या आवाजात आईला म्हणाल्या, "दवाखान्याचं जाऊ द्या. मी वाटेतून फोन केला होता. आम्ही येऊन राहिलो, थांबा, असं म्हणाले होते. तुम्ही थांबल्या न्हाईत. मला पोरीचं तोंड बी दाखवलं न्हाई."

हे मला माहीत नव्हतं. असा फोन आला होता, हेच मला माहीत नव्हतं.

 आई जॅकेटचा पट्टा सोडायचा आणि लावायचा प्रयत्न करत होती. मग म्हणाली, "म्हातारी माणसं म्हणली, लेक शुद्धीवर यायच्या आत न्या. तिनं बघितलं तर येडी हुईल. म्या भ्याले. मला तवा निस्ती माझी लेक दिसत व्हती. तुम्ही येऊन ऱ्हायलात, तुमचं बी कोणी गेलंय, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई बघा."

 होडी एका अंगाला किंचित कलंडली होती, त्यामुळं आम्ही तिघी एकाच बाजूला सरकून बसलो होतो. चिखलाचा वास येत होता.

"कशी होती?" सासूबाईंनी विचारलं.

आई म्हणाली, "सावळी व्हती. तुमच्यावानी. नाक लांब. केस लई व्हते, ओले, कपाळाला चिकटलेले. म्या पुसले फडक्यानं. बोटं लांब लांब." ती थांबली. "डाव्या कानाची पाळी जराशी दुमडलेली."

माझ्या डाव्या कानाची पाळी तशीच आहे. सासूबाईंनी माझ्या कानाकडं पाहिलं. मीही नकळत हात लावून बघितला.

"कशात गुंडाळलं?"

"माझ्या लुगड्यात. बारशाला नेसाया म्हणून घेतलं व्हतं. जीपमधी बसताना हाताला लागलं तेच पिशवीत टाकलं, घडी मोडली नव्हती."

"आणि कुठं...?"

"आमच्याच रानात. बांधाला. तेवढा तुकडा नांगरत न्हाईत."

त्या बांधावरून मी किती तरी वेळा गेले होते. सुट्टीत माहेरी गेलं की हुरडा खायला, बोरं वेचायला आम्ही तिकडूनच जायचो. माझी मुलगी त्या बांधावर खेळली होती.

"मला का नाही सांगितलंस?" मी आईला म्हणाले. माझा आवाज रागाचा आला.

"तू इचारलं न्हाई."

"मी कशी विचारणार होते?"

"आन म्या कशी सांगणार व्हते?" आई म्हणाली आणि तिला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही. नाक पुसत ती म्हणाली, "तुझा बाप बी कधी बोलला न्हाई. जाईस्तोवर बोलला न्हाई."

सासूबाईंनी आपली पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून आईपुढं धरली. आईनं घेतली. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं नाही. मला मात्र रडू आलं नाही. मी मनातल्या मनात ते नाक, ते केस, ती बोटं एकत्र लावून बघत होते. इतकी वर्षं माझ्यासाठी तिला चेहराच नव्हता. बाळंतपण म्हटलं की मला फक्त दवाखान्याचं छत आठवायचं, पंख्याला लागलेली जळमटं आठवायची.

ऊन उतरायला लागलं तेव्हा वाळूवरची मंडळी परत आली. मुलीनं फ्रॉकच्या ओच्यात शिंपले गोळा करून आणले होते. दोन्ही आज्यांचे डोळे लाल बघून तिनं विचारलं, "काय झालं?"

"खारं वारं हाय," आई म्हणाली.

नवरा माझ्या शेजारी येऊन बसला. "झालं?" त्यानं विचारलं.

"झालं," मी म्हणाले. "रात्री खोलीवर सांगते. तुलाही सांगायला पाहिजे."

पाणी परत येताना आवाज करत नाही. वाळूची पाठ अरुंद होत गेली, खेकडे बिळात गेले, मग वाळू दिसेनाशी झाली. होडीवाला इंजिनापाशी जाऊन बसला. एकदम होडी सरळ झाली, तळाखाली काही तरी सुटल्यासारखं वाटलं आणि आम्ही तरंगायला लागलो. सोलापूरच्या नवरदेवानं टाळ्या वाजवल्या. सासूबाई होडीवाल्याला म्हणाल्या, "आलं की खरंच!"

"सांगितलं होतं ना, आजी. आता परत धक्क्यावर नेतो. उशीर झाला."

"का? नदी समुद्राला मिळते ते दाखवणार होते ना?"

नवरा म्हणाला, "आई, राहू दे आता. सगळे दमलेत."

"इतका वेळ बसलो ते काय अर्ध्यातून माघारी जायला?" सासूबाई म्हणाल्या. मग आईकडं वळून, मुलीला मध्ये न घेता, त्यांनी विचारलं, "तुम्ही दमल्या का, विहीणबाई?"

"म्या कशाची दमते?" आई म्हणाली.

होडीवाल्यानं या वेळी मोठ्या पात्रातून होडी नेली. मुखाशी खाडी एकदम रुंद झाली. एका बाजूला आमचं संथ हिरवं पाणी, दुसरीकडून फेसाळ लाटा आत शिरत होत्या, आणि दोन्ही जिथं भेटतात तिथं पाणी जागच्या जागी खळबळत होतं. होडी जोरात वरखाली व्हायला लागली. नवरा डोळे मिटून छपराच्या खांबाला धरून बसला. मुलगी ओरडत होती. आईनं एका हातानं बाक धरला होता आणि दुसऱ्या हातानं सासूबाईंचा दंड.  होडी वळून पुन्हा शांत पाण्यात आली, तरी आईनं दंड थोडा वेळ सोडला नाही.

यानंतर दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी झाल्या असं नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी, तांदळाची भाकरी चांगली की ज्वारीची यावर दोघींचं एकमत झालं, पण चटणीत लसूण किती घालायचा यावरून वाजलं. परतीच्या वाटेवर खिडकीवरूनही वाजलं. पण आता मध्ये निरोप नव्हते. मुलगी पुढं माझ्या मांडीवर येऊन झोपली आणि मागं दोघींची बोलणी चालू राहिली. सोलापूर येईपर्यंत पाहुण्यांतलं कोण कोण गेलं, कोणाची सून कशी निघाली, सगळा हिशेब झाला. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं.

ठरल्याप्रमाणे आईला लातूरला सोडायचं होतं. भाऊ तिथं घ्यायला येणार होता. लातूर जवळ आलं तसं सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या, "देवणीवरून चल."

"आई, फेरा पडतो. अंधार होईल नांदेडला जायला."

"होऊ दे."

त्यानं माझ्या भावाला फोन करून, लातूरला येऊ नको, आम्हीच रानात येतो म्हणून सांगितलं.

आम्ही थेट रानात गेलो. सोयाबीन निघालं होतं, तूर उभी होती, पिवळी फुलं लागलेली. एका वाफ्यात हरभरा नुकता वर आला होता. भाऊ आणि वहिनी वाट बघत होते. आई पुढं, तिच्यामागं सासूबाई, मग आम्ही. बांधाला एका जागी गवत वाढलं होतं आणि एक मध्यम आकाराचा दगड होता. आईनं नुसतं बोट दाखवलं.

सासूबाई उभ्या राहिल्या. त्यांनी हात जोडले नाहीत, काही पुटपुटल्या नाहीत. खाली बसून दगडाभोवतीचं गवत उपटायला लागल्या. मी त्यांच्या शेजारी बसले आणि मीही उपटू लागले. गवत ओलं होतं, मुळासकट निघत होतं. नवरा थोडा लांब उभा होता. मग तोही आला आणि त्यानं उपटलेलं गवत गोळा करून बाजूला टाकलं. आमच्या लग्नानंतर मी त्याला रडताना पहिल्यांदा तिथं बघितलं.

मुलीनं विचारलं, "इथं काय आहे?"

मी तिला सांगितलं. तिच्या आधी एक मुलगी झाली होती, ती जन्मायच्या आधीच गेली, तिला इथं ठेवलंय, असं सरळ सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"तिचं नाव काय होतं?"

"नाव ठेवलं नव्हतं," आई म्हणाली.

"ती असती तर मला तिला ताई म्हणावं लागलं असतं?"

"हाव," सासूबाई म्हणाल्या. "म्हणावंच लागलं असतं."

मुलीनं थोडा विचार केला आणि मामाला विचारलं की गोठ्यात नवीन वासरू झालंय ते कुठं आहे. भाऊ तिला घेऊन गेला. वहिनीनं झाडाखाली चहा आणला. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि आईला म्हणाल्या, "साखर लई हाय, विहीणबाई."

"आमच्यात अस्साच पितेत," आई म्हणाली.

सासूबाईंनी कप रिकामा केला.